कांचमहालाच्या टेकडीवरील पेटी

लंडनचें प्रवासवर्णन लिहावयाचें म्हणजे टॉवर, पार्लमेंट, ब्रिटिश म्यूझियम आणि थेम्स नदीवरील पूल यांस वंदन करूनच पुढें सरकावें, असा एक अलिखित दंडक आपल्याकडील लेखकांनीं घालून ठेविला आहे. हीं सर्व स्थळें मीं पाहिलीं, आणि तीं पाहण्यासारखीं आहेत याविषयीं वाद नाहीं. परंतु गेल्या वर्षीं भाद्रपदांत मी महिनाभर तेथें होतों, त्या मुक्कामांतून मनांत जें कायमचें राहिलें, तें शहराच्या दक्षिण भागांतील एका टेकडीवर, आमच्या काकांच्या घरांतील एका काळ्या पेटीच्या निमित्तानें घडलें. तीच हकीकत वाचकांस सांगावी असें योजिलें आहे.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे बंधु. १९७२ सालीं ते विलायतेस गेले, तेथील रेल्वेच्या सिग्नल-खात्यांत त्यांनीं जन्म काढिला, आणि आतां ऐंशी उलटल्यावर ते आपल्या नातीसह त्या टेकडीवर राहतात. नात लंडनांत शिकते. मुलगा व सून एडिंबरोस असतात. काकू सात वर्षांपूर्वीं वारल्या.

व्हिक्टोरिया स्टेशनांतून निघालेली गाडी नदी ओलांडते, क्लॅपम जंक्शन, बॅलम, जिप्सी हिल हीं स्टेशनें मागें टाकिते, आणि सुमारें अर्ध्या तासानें क्रिस्टल पॅलेस येथें आणून सोडिते. तेथून वर चढणारा रस्ता चांगलाच उभा आहे. पर्वतीच्या पायऱ्यांची संवय असलेल्या पुणेकरासहि मध्यें एकदां थांबून देखावा पाहण्याचें निमित्त शोधावें लागतें. मान वर केली म्हणजे मात्र एकच वस्तु दृष्टीस पडते, आणि ती म्हणजे पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याचा धाकटा भाऊ शोभावा असा एक उंच लोखंडी मनोरा.

क्रिस्टल पॅलेस म्हणजे कांचमहाल. नांव आहे, महाल नाहीं. १८५१ सालीं हाइड पार्कमध्यें सर्व राष्ट्रांच्या कलाकौशल्याचें जें भव्य प्रदर्शन भरलें, त्यासाठीं जोसेफ पॅक्स्टन यानें लोखंड आणि कांच यांची एक प्रचंड इमारत उभारिली. पॅक्स्टन मूळचा माळी. वनस्पतींसाठीं कांचघरें बांधतां बांधतां त्यास ही विद्या साधली होती. साठ लाखांवर लोकांनीं तें प्रदर्शन पाहिलें. आपल्याकडून गेलेला कोहिनूरहि तेथें मांडिला होता. पुढें ती इमारत उकलून या टेकडीवर आणिली, अधिक विस्तारानें पुनः उभी केली, आणि १८५४ सालीं लोकांस खुली केली. ब्याऐंशीं वर्षें ती तेथें होती. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्रीं तिला आग लागली, आणि सकाळीं वांकलेलें लोखंड व फुटकी कांच यांवांचून फारसें कांहीं उरलें नाहीं. आज तेथें दगडी कठडे आहेत, रुंद पायऱ्या आहेत, स्फिंक्सच्या कांहीं मूर्ति आहेत. त्या पायऱ्या चढून मोठ्या अपेक्षेनें वर जावें, तों वर केवळ आकाश असतें.

त्या रित्या जागेच्या टोंकाशीं आजचा मनोरा उभा आहे. त्याची उंची २१९ मीटर असून १९५६ पासून लंडनचें टेलिव्हिजन येथून प्रक्षेपित होत आलें आहे. १८ एप्रिल २०१२ रोजीं येथील जुन्या पद्धतीचें प्रक्षेपण कायमचें थांबलें. तेव्हांपासून चित्र आणि आवाज हीं दोन्हीं निव्वळ आंकड्यांच्या रूपानें घरोघर पोंचतात. अशा आंकड्यांचा प्रवाह जसाच्या तसा तबकडीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर, उतरवून ठेवणें आणि मागाहून हवा तेव्हां दाखविणें, हें ज्या पेटीचें काम तिला डिजिटल रेकॉर्डर म्हणतात. काकांच्या बैठकीच्या खोलींत टेलिव्हिजनच्या खालीं अशीच एक पेटी होती. त्यांच्या मुलानें ती २०११ सालीं घेऊन दिली होती.

मी पोंचलों त्याच्या आदल्याच आठवड्यांत ती बंद पडली होती. एका रात्रीं वीज क्षणभर गेली आणि आली. घरांतील इतर सर्व उपकरणें जागीं झालीं, ही मात्र झाली नाहीं. आंतील पंखा फिरे, पुढील पट्टीवर ‘सुरू होत आहे’ अशा अर्थाचा एक इंग्रजी शब्द उमटे, आणि मग तासन् तास तोच शब्द तसाच राही. काका सकाळीं चहा झाल्यावर तिचें बटण दाबीत, त्या शब्दाकडे कांहीं वेळ पाहात, आणि पुनः बंद करीत. दुपारीं तेंच. रात्रीं निजण्यापूर्वीं तेंच.

पाहुण्यानें घरांत कांहीं तरी उपयोगी पडावें, अशी मला बालपणापासून शिकवण आहे. मी एका मोठ्या दुकानांत जाऊन चौकशी करून आलों. तेथील तरुणानें पेटी किती वर्षांची एवढेंच विचारिलें आणि हंसून म्हटलें, ‘‘ती टाकून द्या आणि नवी घ्या.’’ मला तें पटलें. रात्रीं जेवतांना मीं म्हटलें, ‘‘काका, उद्यां आपण नवी पेटी आणूं. माझ्याकडून तुम्हांस भेट.’’

काका म्हणाले, ‘‘नको.’’

‘‘अहो, पण ही आतां होणार नाहीं.’’

‘‘न होवो. नवी नको.’’ एवढें बोलून त्यांनीं भातावर ताक घेतलें आणि विषय संपविला. मीं मनांत म्हटलें, पन्नास वर्षें विलायतेंत काढिलीं, तरी कोंकणस्थी काटकसर कांहीं सुटली नाहीं! ही माझी समजूत किती उथळ होती, तें मला दोनच दिवसांनीं कळलें.

त्या दिवशीं रविवार होता. नात मला टेकडीखालच्या बागेंत घेऊन गेली. तेथील तळ्याच्या कांठीं पुरातन काळच्या महाकाय प्राण्यांच्या मूर्ति आहेत. बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकारानें १८५४ च्या सुमारास त्या घडविल्या. त्या काळीं अशा प्राण्यांचीं थोडींबहुत हाडें तेवढीं सांपडलीं होतीं. बाकीचें तर्कानें पुरें करावें लागे. इग्वानोडॉन नांवाच्या प्राण्याच्या नाकावर म्हणूनच एक शिंग बसविलेलें दिसतें. पुढें अधिक सांगाडे मिळाले तेव्हां कळलें कीं, तें शिंग नव्हेच. तें त्याच्या अंगठ्यावरील टोंकदार हाड होतें. तरीहि लोकांनीं ती मूर्ति तशीच जपून ठेविली आहे. मला त्या अंगठ्याच्या शिंगाचें मोठें हंसूं आलें. नात मात्र हंसली नाहीं. ती म्हणाली, ‘‘काका, तुम्हीसुद्धां आजोबांविषयीं तसेंच केलें आहे. एक हाड मिळालें आणि तुम्ही तें नाकावर बसविलें.’’

मग तिनें आपल्या इंग्रजी वळणाच्या, पण नीट जपलेल्या मराठींत मला सर्व सांगितलें.

२०१२ सालीं लंडनांत ऑलिंपिक सामने झाले. त्यांपूर्वीं जुलै महिन्यांत ऑलिंपिकची मशाल लंडनच्या सर्व भागांतून फिरविण्यांत आली. काकू त्या वेळीं जवळच्या एका प्राथमिक शाळेंत लहान मुलांस वाचन शिकवावयास जात असत. मशाल येणार म्हणून शाळेचीं मुलें रस्त्याच्या कडेस उभीं होतीं आणि त्यांच्यामध्यें हिरव्या सुती लुगड्यांत काकू होत्या. टेलिव्हिजनच्या कॅमेऱ्यानें त्यांस टिपलें, आणि सायंकाळीं साडेसहाच्या स्थानिक बातम्यांत त्या अकरा सेकंद दिसल्या. काकांनीं त्या बातम्या पेटींत उतरविल्या होत्या.

‘‘आजीचे फोटो पुष्कळ आहेत,’’ नात म्हणाली. ‘‘पण हलतें-बोलतें चित्र एवढें एकच. कोणी व्हिडिओ घेऊं लागलें कीं ती स्वयंपाकघरांत पळून जाई. त्या दिवशीं तिला कळलेंच नाहीं. आजोबा दर वर्षीं अविधवा नवमीस संध्याकाळीं तें एकदां पाहतात. एकदांच.’’

अविधवा नवमीस बरोबर सतरा दिवस राहिले होते. मीं विचारिलें, ‘‘मग याची नक्कल कोणी करून ठेविली नाहीं?’’ ती खालीं पाहून म्हणाली, ‘‘बाबा दर खेपेस म्हणत, पुढच्या वेळीं येईन तेव्हां करूं. मीसुद्धां तेंच म्हणत होतें.’’

त्या संध्याकाळीं मीं काकांपाशीं आपली चूक कबूल केली. काका कांहीं रागावले नाहींत. उलट मला घेऊन ते त्या रिकाम्या पायऱ्यांपर्यंत फिरावयास आले आणि त्यांनीं मला एक गोष्ट सांगितली. टेलिव्हिजनचा आद्य प्रवर्तक जॉन लोगी बेअर्ड यानें २६ जानेवारी १९२६ रोजीं लंडनच्या फ्रिथ स्ट्रीटवरील एका माडींत आपल्या यंत्राचें प्रात्यक्षिक करून दाखविलें. पुढें त्याच्या कंपनीच्या प्रयोगशाळा याच कांचमहालांत होत्या. २ नोव्हेंबर १९३६ रोजीं बी. बी. सी. नें उत्तर लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित टेलिव्हिजन सुरू केलें, आणि त्याच महिन्याच्या शेवटच्या रात्रीं येथें बेअर्डच्या यंत्रसामग्रीची राख झाली.

‘‘आणि दुसरी गोष्ट ऐक,’’ काका म्हणाले. ‘‘याच बेअर्डनें १९२७-२८ सालीं टेलिव्हिजनचें चित्र ग्रामोफोनच्या तबकडीवर उतरविण्याचे प्रयोग केले. तबकड्या झाल्या, पण त्यांवरून पाहण्यासारखें चित्र कांहीं त्यास काढितां आलें नाहीं. पन्नासांहून अधिक वर्षें त्या तशाच मुक्या राहिल्या. १९८० नंतर डोनल्ड मॅक्लीन म्हणून एक गृहस्थ निघाले. त्यांनीं त्यांवरील खुणा संगणकांत घेतल्या, त्यांतील दोष गणितानें दूर केले, आणि त्या तबकड्यांतून चेहरे दिसूं लागले. १९३३ च्या एप्रिलमध्यें एका हौशी माणसानें बी. बी. सी. चा एक कार्यक्रम घरबसल्या ॲल्युमिनियमच्या तबकडीवर उतरविला होता, तोहि असाच पुनः पाहावयास मिळाला. तबकडी शाबूत असेल तर आशा सोडूं नये. म्हणून मी नवी पेटी नको म्हटलें.’’

‘‘मग ती तबकडी काढून दुसऱ्या पेटींत घातली तर?’’

काकांनीं मान हालविली. ‘‘मीं चौकशी केली आहे. या पेट्या तबकडीवर जें लिहितात तें सांकेतिक लिपींत लिहितात, आणि त्या लिपीची किल्ली प्रत्येक पेटीची निराळी असते. ही तबकडी हीच पेटी वाचील. दुसरी कोणी नाहीं.’’

दहा वर्षांवरची पेटी दुरुस्त करणारा मनुष्य कोठें शोधावा, हा आतां प्रश्न होता. तो नातीनें सोडविला. २००९ सालीं ॲम्स्टरडॅम येथें मार्टिने पोस्टमा या बाईंनीं ‘रिपेअर कॅफे’ नांवाचा एक उपक्रम सुरू केला. मोडक्या वस्तु घेऊन लोकांनीं एकत्र जमावें, जाणत्यांनीं त्या विनामूल्य दुरुस्त करून द्याव्या, आणि वस्तूच्या मालकानें शेजारीं बसून शिकावें, अशी ती कल्पना. ती अनेक देशांत पसरली. टेकडीच्या पायथ्याशीं एका चर्चच्या दिवाणखान्यांत महिन्यांतून एका शनिवारीं असा मेळावा भरे, आणि तो शनिवार नवमीच्या चार दिवस आधीं येत होता.

काकांनीं पेटी एका धुवट पंचांत गुंडाळली आणि मांडीवर घेऊन ते मोटारींत बसले. दिवाणखान्यांत आठ-दहा टेबलें होतीं. एकावर टोस्टर, एकावर दिव्यांचे सांगाडे, एकावर हातशिलाईचें जुनें यंत्र. कोपऱ्यांत चहाचें मोठें विजेचें भांडें खदखदत होतें. आमच्या वांट्यास साठीच्या घरांतील एक बाई आल्या. त्या पूर्वीं एका बँकेच्या संगणक-विभागांत होत्या. पेटी किती वर्षांची, तिची किंमत काय, असें त्यांनीं कांहीं विचारिलें नाहीं. त्यांचा पहिला प्रश्न असा होता: ‘‘हिच्यांत तुम्हांस हवें असलेलें काय आहे?’’

काकांनीं क्षणभर थांबून उत्तर दिलें, ‘‘माझी पत्नी. अकरा सेकंद.’’

बाईंनीं चष्मा डोळ्यांवर चढविला आणि पेटीचें झांकण काढिलें.

त्यांची कामाची रीत मीं लक्षपूर्वक पाहिली. प्रथम त्यांनीं धूळ झाडिली, विजेचा पुरवठा मापकानें तपासला. तो ठीक होता. मग तबकडी सोडवून बाजूस घेतली आणि तिच्याविना पेटी चालू केली. पेटी त्याच शब्दावर अडून बसली. ‘‘म्हणजे दोष तबकडीचा नव्हे,’’ बाई म्हणाल्या. तबकडी आपल्या संगणकास जोडून तिची प्रकृति तेवढी पाहिली; तिच्यावर एक अक्षरहि लिहिलें नाहीं. तीहि चांगली निघाली. तेव्हां त्यांनीं रोगाचें निदान सांगितलें: पेटीचें सॉफ्टवेअर बिघडलें होतें आणि तें नव्यानें बसवावयास हवें होतें.

वाचकांच्या सोयीसाठीं हें आपल्या घरगुती भाषेंत सांगतों. अशा पेटीचा एक वाडा कल्पावा. दारावर एक दारवान असतो. त्याचें काम एवढेंच कीं, सकाळीं उठून कारभाऱ्यास हांक मारावी. कारभारी उठला म्हणजे तो सर्व वाड्याचा व्यवहार चालवितो. मागें एक कोठी असते, तींत घरची सर्व पुंजी ठेविलेली. दारवान आणि कारभारी हे एका लहानशा स्मृति-चिपेंत राहतात, आणि कोठी म्हणजे ती तबकडी. वीज गेली त्या वेळीं हा कारभारी कांहीं लिहिण्यांत गुंतला असावा. तो अर्धवट लिहिलेल्या पानावरच बेशुद्ध पडला. दारवान बिचारा रोज हांका मारी आणि उत्तराची वाट पाही. पट्टीवरील तो शब्द म्हणजे त्याचीच हांक. आतां नवा कारभारी नेमावयाचा होता. कोठीची किल्ली जुन्या कारभाऱ्याच्या कनवटीस नव्हती. ती वाड्याच्या भिंतींतच चिणलेली होती. म्हणून नव्या कारभाऱ्यासहि कोठी उघडतां येणार होती, मात्र वाडा तोच हवा.

‘‘तबकडी मी तूर्त बाहेरच ठेवणार आहें,’’ बाई म्हणाल्या. ‘‘ज्याला धक्का लागूं द्यावयाचा नाहीं, तें आधीं कामाच्या जागेवरून हालवावें.’’ देवळाचा जीर्णोद्धार काढिला म्हणजे मूर्ति आधीं सुरक्षित जागीं नेऊन ठेवितात, त्याची मला आठवण झाली. काकांनीं ती तबकडी पंचांत गुंडाळून मांडीवर घेतली.

त्या पेटीच्या नेमक्या नमुन्याचें सॉफ्टवेअर नातीनें आदल्या रात्रीं संगणकावर उतरवून एका पेनड्राइव्हवर घेतलें होतें. तो लावून, पुढचें बटण दाबून धरून, मागचा विजेचा खटका चालू करावयाचा, म्हणजे दारवान नेहमींची हांक न मारतां पेनड्राइव्हांत पाहतो. आम्हीं तसें केलें. कांहीं झालें नाहीं. पेनड्राइव्ह नवा आणि मोठ्या क्षमतेचा होता. त्यावरील मांडणी त्या जुन्या दारवानास वाचतां येईना. बाईंनीं आपल्या पेटाऱ्यांतून चार गिगाबाइटचा एक जुनाट पेनड्राइव्ह काढिला, त्यावर जुन्या पद्धतीची मांडणी केली आणि फाइल त्यावर घेतली. पुनः तेंच. काकांची बोटें पंचाच्या कांठाशीं चाळा करूं लागलीं.

बाई फाइलीच्या नांवाकडे निरखून पाहूं लागल्या. मग नातीस म्हणाल्या, ‘‘ही तुम्हीं दोनदां उतरवून घेतली होती काय?’’ तिनें होय म्हटलें. दुसऱ्या खेपेस संगणकानें आपल्या बुद्धीनें नांवापुढें कंसांत एक आंकडा घातला होता. दारवान काटेकोर, ठरलेल्या नांवांत एका चिन्हाचाहि फरक त्यास चालत नाहीं. बाईंनीं तो आंकडा पुसला आणि बटण पुनः दाबून धरिलें.

पट्टीवर टक्के उमटूं लागले. त्याबरोबर बाई उठून उभ्या राहिल्या आणि सर्व दिवाणखान्यास ऐकूं जाईल अशा आवाजांत म्हणाल्या, ‘‘दहा मिनिटें कोणी टोस्टर लावूं नका! चहाचें भांडेंहि बंद करा!’’ या वेळीं वीज गेली असती तर नवा कारभारीहि अर्ध्यावर पडला असता, आणि कदाचित् दारवानहि. नवल असें कीं, कोणी कारण विचारिलें नाहीं. टोस्टरवाल्यानें हात बाजूस घेतले, शिलाईचें यंत्र थांबलें, चहाची खदखद निवाली. तीस-पस्तीस अनोळखी माणसें एका परक्या वृद्धाच्या पेटीवरील आंकड्यांकडे पाहात उभीं राहिलीं. शंभर झाले. पेटी आपोआप बंद झाली, आपोआप चालू झाली, आणि पट्टीवर तो जुना शब्द एकदां उमटून पुढें सरकला.

मग वीज काढून तबकडी जागेवर बसविली आणि भिंतीजवळचा टेलिव्हिजन जोडिला. पेटीनें पहिलाच प्रश्न विचारिला: तबकडी नव्यानें तयार करावयाची काय? ‘होय’ हें उत्तर आधींच उजळलेलें होतें. तबकडी नव्यानें तयार करणें म्हणजे तीवरील सर्व पुसणें. काकांचा अंगठा बटणावर होता. बाईंनीं आपला हात हलकेच पुढें केला आणि म्हटलें, ‘‘या यंत्राच्या घाईस आपण उत्तरदायी नाहीं. ‘नाहीं’ म्हणा.’’ काकांनीं ‘नाहीं’ म्हटलें. पेटी कांहीं वेळ आपल्याशींच हिशेब करीत राहिली. मग पडद्यावर यादी आली. बागकामाचे कार्यक्रम, क्रिकेटचे सामने, आणि तळाशीं जुलै २०१२, स्थानिक बातम्या.

काकांनीं रिमोट खालीं ठेविला. ‘‘आतां घरीं जाऊन पाहूं,’’ ते म्हणाले.

‘‘घरीं अवश्य पाहा,’’ बाई म्हणाल्या, ‘‘परंतु नक्कल केल्यावांचून ही येथून हालणार नाहीं.’’ साध्या वाहिनीवरून उतरविलेला कार्यक्रम त्या पेटींतून पेनड्राइव्हवर घेतांना सांकेतिक लिपी उकलून मिळे. अतिस्पष्ट चित्राच्या वाहिनीवरचा तसा मिळत नसे. त्या काळीं अतिस्पष्ट वाहिनीवर स्थानिक बातम्या दिसतच नसत, म्हणून काकांनीं साधी वाहिनी लाविली होती. एका उणिवेनें आमचें काम असें साधलें. नक्कल झाली. ती खरोखर उघडते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं बाईंनीं आपल्या संगणकावर ती लाविली आणि पुढें सरकवीत नेली.

हिरवें लुगडें दिसलें. काकू एका मुलाची टोपी सरळ करीत होत्या. मग त्यांनीं रस्त्याच्या वळणाकडे पाहिलें, त्यांचा चेहरा एकदम फुलला, आणि इंग्रज मुलांच्या त्या गलक्यांतून स्वच्छ मराठी शब्द ऐकूं आले, ‘‘आली, आली!’’

अकरा सेकंद संपले. बाईंनीं विचारिलें, ‘‘त्या काय म्हणाल्या?’’ काकांस बोलतां येईना. नातीनें अर्थ सांगितला. कोणी तरी चहाचें भांडें पुनः लाविलें. काकांनीं उठून बाईंस नमस्कार केला, आपल्या पद्धतीचा, दोन्ही हात जोडून. वर्गणीच्या डब्यांत ते जें टाकूं लागले, त्यांतील निम्मे बाईंनीं परत त्यांच्या हातांत दिले आणि म्हटलें, ‘‘सिग्नल-खात्यांत होतां ना? आम्हांस तारा जोडणाऱ्या माणसांची फार वाण आहे. पुढच्या महिन्यांत या.’’

अविधवा नवमीस घरीं सवाष्ण जेवावयास सांगितली होती. खीर, वडे, अळूची भाजी असा साधा स्वयंपाक नातीनें पुण्यास फोन करून विचारीत विचारीत केला. सायंकाळीं काकांनीं नेहमींप्रमाणें पेटी लाविली, तें एकदांच पाहिलें, आणि टेलिव्हिजन बंद केला. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं चार पेनड्राइव्ह आणविले आणि चार प्रती करविल्या. एक एडिंबरोस गेली, एक नातीस दिली, एक स्वतःपाशीं ठेविली, आणि एक माझ्या हातीं देऊन म्हणाले, ‘‘पुण्यास ने. एका घरास आग लागली तरी सगळें जाऊं नये.’’ खिडकींतून तो मनोरा दिसत होता, आणि त्याच्या पायथ्याशीं त्या रित्या पायऱ्या.

आपल्या घरोघरींहि अशा पेट्या आहेत. लग्नमुंजींच्या कॅसेटी आहेत, बंद पडलेले मोबाइल आहेत, माळ्यावर ठेविलेले संगणक आहेत. खुद्द बी. बी. सी. नें १९६० व १९७० च्या दशकांत कित्येक कार्यक्रमांच्या फिती पुसून पुनः वापरल्या, आणि त्यांतील कांहीं आतां सामान्य प्रेक्षकांनीं घरीं करून ठेविलेल्या ध्वनिमुद्रणांवरूनच ऐकावयास मिळतात. घरांतील वस्तु मोडली म्हणजे ती किती जुनी, असें आपण प्रथम विचारितों. तिच्यांत आपलें काय आहे, हें आधीं विचारावें. आणि ती चालू आहे तोंवरच नक्कल करून ठेवावी. पुढच्या खेपेवर टाकूं नये.

पुण्यास परत आल्यावर माझी प्रत मीं आमच्या मातुःश्रींस दाखविली. जाऊबाईंस पाहून त्या कांहीं बोलल्या नाहींत. पडदा काळा झाल्यावर एवढेंच म्हणाल्या, ‘‘लुगडें मींच दिलेलें आहे तें.’’ काकांचें परवांच पत्र आलें. ते आतां दर महिन्याच्या त्या शनिवारीं चर्चच्या दिवाणखान्यांत तारा जोडावयास बसतात, आणि समोर येणाऱ्यास पहिला प्रश्न तोच विचारतात.